बिनखोडीची मोटार

तीस वर्षं मी बैलांचे सौदे केले. जव्हारच्या बाजारात ढवळू दलाल कोण म्हणून कुणालाही विचारा. मी पसंत केलेला बैल चढावर बसला किंवा गाडीला अडला, असं एकदाही झालं नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. खरं ते खरं.

आमच्या बाजाराची रीत आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. सौदा पक्का व्हायच्या आधी विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि चारचौघांत त्याची खोड बोलायची. 'पाण्याला बुजतो.' 'डाव्या बाजूलाच जुंपावा लागतो.' खोड बोलली की विकणारा मोकळा. लपवली आणि पंधरा दिवसांत उघडी पडली, तर बैल परत, पैसे परत, आणि वर बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. 'बिनखोडीचा आहे' असं कुणी म्हणालं तर गिऱ्हाईक धोतर झटकून उठतंच. असा बैल देवाने अजून केलेला नाही.

त्या वर्षी संस्थानाच्या दरबाराने दवंडी पिटली. जव्हार ते मोखाडा रस्ता नीट झाला होता. दसऱ्याच्या आत जो कोणी मोटारीत आठ माणसं बसवून मोखाड्याकडून घाट चढून जव्हारात आणील, त्याला त्या रस्त्यावर उतारू नेण्याचा परवाना, पाच वर्षांचा. नाहीतर नाशिकचा एक मोटरवाला टपून बसलेलाच होता. मोटार सुरू झाल्यावर त्या रस्त्यावर उतारू नेणाऱ्या आमच्या बैलगाड्यांत कोण बसणार? मी आणि माझा भागीदार सोम्या, आम्ही दोघांनी चारही जोड्या विकल्या, गाड्या विकल्या आणि मुंबई गाठली. परवाना मिळाला तर दोन घरं चालणार होती. नाही मिळाला तर गोठा रिकामा आणि दारात एक लोखंडी डबा.

माझा मेहुणा जिव्या गिरगावाकडच्या एका मोटारीच्या दुकानात गाड्या धुवायचा. धुता धुता चालवायलाही शिकला होता. तोच आमचा ड्रायव्हर होणार होता, म्हणून त्याच दुकानात गेलो. विकणारा मधोमध भांग पाडलेला, बोलायला असा गोड की मुंग्या लागाव्यात. गाडी मात्र बरी होती. हिरवी, लाकडी बांध्याची, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी एक जागा, मागे दोन बाकं. मी चारी बाजूंनी फिरलो, चाकाला लाथ घातली, खाली वाकून पोट बघितलं. मग रीतीप्रमाणे खांद्यावरचा पंचा त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली.

तो असा किंचाळला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"दाजी, इथे भाव बोटांनी नाही सांगत," जिव्या लाजून म्हणाला. "तोंडाने बोलायचं."

तोंडाने तर तोंडाने. भाव ठरला. मला वाटलं झालं. पण छे! भाव ठरल्यावर त्याचं खरं दुकान उघडलं.

"शेठ, निकेलचे दिवे लावू ना? घड्याळ? बाकांवर मखमल? आणि ही फुलदाणी."

फुलदाणी! काचेची, चकचकीत कडीत बसवलेली, ड्रायव्हरच्या शेजारी टांगायची.

"ह्यात काय ठेवायचं?" मी विचारलं.

"गुलाब, शेठ."

"आमच्याकडे फुलं मोहाची. ती दाणीत नाही, मडक्यात घालतात."

जिव्या फिदीफिदी हसला. सोम्याने मात्र ती फुलदाणी दोन्ही हातांत धरली होती. सोम्या मनाचा मऊ. कुणी दोनदा शेठ म्हटलं की ह्याचा हात आपोआप कनवटीला जातो. "ढवळूदादा, शोभा येईल," म्हणाला. मी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि विकणाऱ्याला बजावलं, की बाबा, एकेक वस्तू समोर ठेव आणि एकच सांग: ही नसली तर गाडी घाट चढणार नाही का? दिवे? आम्ही दिवसाउजेडी जाणार, आणि गाडीचे मूळचे दिवे होतेच. घड्याळ? आमच्या उतारूंना सूर्य कळतो. मखमल? नागलीच्या पोत्यावर बसून आलेला माणूस मखमलीवर बसला तर घसरून पडेल. असं करत करत दोन जादा ट्यूब, एक जॅक आणि रबरी भोंगा एवढं ठेवलं. भोंगा अशासाठी, की वळणावर गुरं बसतात.

मग विमा. त्यासाठी वेगळा माणूस आला, चष्मेवाला, हातात छापील कागद. गाडी दरीत गेली तर कंपनी पैसे देणार, म्हणाला. उतारू दगावला तरी देणार. सोम्याचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. घाटात गेलेला बैल आजवर मला कुणी भरून दिला नव्हता.

"पण कुठल्या रस्त्यावर?" मी विचारलं.

त्याने कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "ब्रिटिश हद्दीत."

"आणि जव्हार?"

"ते संस्थान. तिथे लागू नाही."

"म्हणजे मोखाड्याच्या बाजूला पडली तर पैसे, आणि नाका ओलांडून आमच्या बाजूला पडली तर राम राम?"

"तसंच म्हणा."

"मग गाडीला सांगायचं का, बाई, पडायचंच असेल तर नाक्याच्या आधीच पड?"

मी हिशोब केला तो साधा होता. मोखाड्याची बाजू म्हणजे बहुतेक सपाट माळ. घाट, वळणं, दरी, सगळं संस्थानात. जिथे पडायची भीती तिथे विमा नाही, आणि जिथे विमा तिथे पडायला खड्डा नाही. असला विमा घेण्यापेक्षा तेवढ्याचं पेट्रोल घेतलेलं बरं. सोम्या कुरकुरला, पण त्यालाही पटलं.

आता राहिली रीत. मी विकणाऱ्याला म्हटलं, "हात ठेव हिच्या पाठीवर आणि खोड बोल."

"नवी गाडी आहे, शेठ. बिनखोडीची."

मी पंचा झटकला आणि उठलो. खरंच उठलो हो, नाटक नाही. दारापर्यंत गेलो. सोम्या मागे रडकुंडीला. तेवढ्यात आतून दुकानाचा म्हातारा मालक आला. इतका वेळ तो हा तमाशा ऐकत बसला होता. त्याने मला रीत विचारली, मी सांगितली. म्हातारा पोट धरून हसला. मग पुढे आला, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि विकणाऱ्यादेखत बोलला.

"पेट्रोलची टाकी पुढच्या गादीखाली आहे. तेल आपोआप उतरून इंजिनात जातं. पण टाकी अर्ध्याच्या खाली गेली आणि चढ मोठा लागला, तर इंजिन टाकीपेक्षा वर जातं. तेल पोचत नाही. गाडी मरते. ही खोड. तेल ओढणारा पंप बसवला तर जाते. पंपाचे तीस रुपये, वेगळे."

काय सांगू, मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. मुंबईतही माणूस आहे तर!

"दाजी, तो पंप घ्या," जिव्या हळूच म्हणाला. "शोफर लोक ह्या खोडीला काय करतात माहीत आहे का..."

"तू गप रे. खोड कळली की निम्मं औषध झालं. टाकी भरलेली ठेवू, की झालं."

म्हाताऱ्याचा रामराम घेतला, फुलदाणी सोम्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतली आणि निघालो. आग्रा रोडने कसारा, तिथे पेट्रोल भरून घेतलं, मग खोडाळा, मोखाडा. भरल्या टाकीने गाडी घाट अशी चढली, जसा शिंगांना तेल लावलेला खोंड. पुढचे आठ दिवस मी जव्हारभर एकच गोष्ट सांगत फिरलो, की मुंबईच्या शेठला ढवळूने कशी खोड बोलायला लावली. खोड कोणती, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

परीक्षेचा दिवस दसऱ्याच्या दोन दिवस आधीचा. दरबारचे ओव्हरसियर स्वतः आले, वही घेऊन. सकाळी इथून मोखाड्याला उतरायचं, तिथे आठ माणसं भरायची आणि वर यायचं. माझी बायको चैती आदल्या संध्याकाळीच चालत मोखाड्याला बहिणीकडे गेली होती. आपल्या गाडीत पहिली बसणार ती, दुसरी कोण? नवं लुगडं नेसून रस्त्यावर उभी होती. तिच्याबरोबर सूर्यमाळचा पोश्या, नागलीचं गाठोडं घेऊन. बाकी पाच जण बाजाराला निघालेले. आठवे ओव्हरसियर.

आता माझी चूक ऐका. आठ दिवस गावात मिरवण्यात पेट्रोल किती गेलं, ते मी बघितलं नव्हतं. मोखाड्याला जिव्याने पुढची गादी उचलली आणि टाकीत काठी घातली. ओली खूण अर्ध्याला दोन बोटं कमी. जिव्याने माझ्याकडे बघितलं. पेट्रोल मिळणार ते कसाऱ्याला. माणूस पाठवून आणवायचं तर दिवस जाणार. ओव्हरसियर म्हणाले, "काय ढवळू, निघायचं ना?"

"निघायचं साहेब," मी म्हटलं. गादी खाली टाकली.

चैती चढताना विचारती झाली, "काय बघत होतास?"

"काही नाही. बस."

ती बसली. बरोबर त्या गादीवर. मी आणि सोम्या मागच्या पायरीवर उभे राहिलो.

नाका ओलांडला. घाट लागला. पहिली दोन वळणं गाडीने गुरगुरत काढली. मला वाटलं, अरे, दोन बोटांनी काय होतंय! तिसऱ्या वळणाचा चढ म्हणजे भिंतच. गाडी खोकली, दोनदा हिसके दिले आणि मेली. जिव्याने ब्रेक दाबून धरला. मी आणि सोम्याने उड्या टाकून चाकांना दगड लावले. माणसं खाली उतरली. कडेला दरी, तिच्यात सागाचे शेंडे. पोश्याने गाठोडं छातीशी धरलं होतं.

"आणि इथे विमा लागू नाही," सोम्या माझ्या कानाशी कुजबुजला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चार पावलं लांब गेला.

ओव्हरसियरांनी वही काढली. "काय झालं?"

"कचरा साहेब!" सोम्या लांबूनच ओरडला. "तेलात कचरा अडकला!"

चांगलं होतं उत्तर. मीही तेच बोलणार होतो, शपथेवर सांगतो. पण चैती माझ्याकडे बघत नव्हती. ती भावाकडे बघत होती. जिव्याने मान खाली घातली आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"काठी कशाला घातली होती रे?" तिने मला विचारलं.

"चैते, नंतर."

"नंतर कशाला? तुला ठाऊक होता." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "शेठला खोड बोलायला लावली म्हणून आठ दिवस मिरवलास. आणि आम्हाला बसवताना? माझ्या बुडाखाली टाकी, समोर दरी, आणि मला म्हणतोस काही नाही, बस? तुझ्यापेक्षा तो विमेवाला बरा. त्याने निदान सांगितला, कुठे पैसे मिळायचे नाहीत ते."

माझं डोकं सणकलं. चारचौघांत, ओव्हरसियरांसमोर, बायको! जिभेवर शिवी आली होती. पण बाजारात कुणी खोड लपवून वर असा डोळे वटारून उभा राहिला असता, तर मीच त्याला पहिला जोडा मारला असता. ते आठवलं आणि शिवी घशातच राहिली. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी गाडीपुढे गेलो आणि बॉनेटवर हात ठेवला. तवा तापावा तसं तापलं होतं. हात काढला नाही.

"पेट्रोल अर्ध्याखाली आलं की ही चढावर मरते," मी मोठ्याने बोललो. "मला दुकानातच कळलं होतं. मोखाड्याला काठी घातली तेव्हा कमी आहे हेही कळलं होतं. तीस रुपयांचा पंप होता, तो मी घेतला नाही. कचरा-बिचरा काही नाही."

सोम्याने कपाळावर हात मारून घेतला. "गेला परवाना," म्हणाला. ओव्हरसियर लिहीत होते.

तेव्हा जिव्याला कंठ फुटला. "दाजी, मी तेव्हा सांगत होतो, तुम्ही गप केलंत. मलबार हिलच्या चढाला शोफर लोक अशी गाडी फिरवतात आणि रिव्हर्समध्ये चढवतात. इंजिन खालच्या बाजूला येतं, टाकी वर. तेल पोचतं."

"उलटी? हा घाट?"

"उलटीच."

वळणावर जरा रुंद जागा होती. तिथवर गाडी दगड लावत लावत मागे सोडली आणि सगळ्यांनी ढकलून फिरवली. ओव्हरसियरांनीही खांदा लावला, हे मी विसरणार नाही. आता गाडीची पाठ जव्हारकडे आणि तोंड दरीकडे. जिव्याने हँडल मारलं. इंजिन लागलं. पण दरबाराची अट आठ माणसांची होती, आणि आठही जण रस्त्यावर उभे.

"खोड बोललो," मी म्हटलं. "आता जबरदस्ती नाही. ज्याला बसायचं त्याने बसा. ज्याला नाही त्याने पायी या, मी कुणाला बोल लावणार नाही. मी आत बसत नाही. ओंडका घेऊन खालच्या अंगाने चालतो. गाडी सुटली तर चाकाखाली ओंडका घालीन. नाही जमलं तर आधी माझ्या अंगावर येईल, मग पुढे जाईल."

कुणी हललं नाही. पोश्याने दरीत वाकून बघितलं आणि मागे सरला. मी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

चैतीने लुगड्याचा काचा खोचला. पुढे आली आणि त्याच गादीवर जाऊन बसली.

"आता बोललास ना," म्हणाली. "आता बसते."

तिच्यामागे पोश्या चढला. मग एकेक करत बाकीचे. शेवटी ओव्हरसियरांनी वही मिटून खिशात घातली आणि तेही बसले.

गाडी उलटी चढू लागली. सोम्या वरच्या बाजूने पळत जिव्याला वाट सांगत होता, "डावीकडे! अजून डावीकडे!" आणि मी खालच्या अंगाने, बॉनेटपासून हातभर अंतरावर, खांद्यावर सागाचा ओंडका. गाडीचं तोंड माझ्याकडे. म्हणजे चैतीचंही. सबंध चढ ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. पन्नाशी उलटलेला माणूस मी. गाडी सुटून माझ्या अंगावर येईल ह्याची भीती मला वाटली नाही. भीती होती ती तिला घेऊन गाडी दरीत जाण्याची. परवाना गेला तर पुन्हा बैल घेता येतील. ही गेली तर माझ्याकडे काहीही उरत नाही, आणि हिलाच मी म्हणालो होतो, काही नाही, बस.

गाडी एकदाही अडखळली नाही. माथ्यावर आली, सपाटीला लागली आणि तशीच पाठमोरी जव्हारच्या बाजारात शिरली. काय हसले लोक! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्ट्या. ओव्हरसियर उतरले, धोतर सारखं केलं.

"दरबाराची अट घाट चढून यायची होती," ते म्हणाले. "तोंड कुठल्या बाजूला हवं ते कुठे लिहिलेलं नाही. परवाना देतो. पण पंप बसेपर्यंत गाडी एका जागी उभी राहील. आणि ढवळू, आज जे घाटात बोललास, ते मी वहीत तुझ्याच शब्दांत लिहिलंय."

"लिहा साहेब," मी म्हटलं. "एकही शब्द गाळू नका."

सोम्या मला मिठी मारायला आला. जिव्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. चैती उतरली आणि कुणाशी न बोलता घराकडे चालू लागली. मी तिच्या मागे. ती वळून बघत नव्हती. हाताला फोड आला होता, तो ठणकत होता. अंगणात आल्यावर ती थांबली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तो ओंडका ठेव आता खाली," म्हणाली. "घर आला."

तो अजून माझ्या खांद्यावरच होता. मी ठेवला, आणि मला रडू आलं.